नदीकाठची शिल्पे : आधी पाण्याची पातळी विचारा

प्रति,
मा. संपादक,

महोदय,

नदीकाठच्या पायवाटेवर शिल्पे, भित्तिचित्रे, मोझेक बसवण्याची कामे आता बऱ्याच ठिकाणी निघतात, आणि ती निघायलाच हवीत. तिकीट न काढता, वेळ न ठरवता, रोजच्या फेरीत माणसाला कला भेटण्याची याहून चांगली जागा नाही. अडचण आहे ती कामाच्या क्रमात. आधी कल्पना ठरते, मग तिचे मॉडेल मंजूर होते, मग जागा शोधली जाते. चौथऱ्याचा खड्डा खणायला घेतला की कोणीतरी विचारते, ‘पुराचे पाणी इथवर येते का?’ तोवर साहित्य ठरलेले असते, पैसे वाटून झालेले असतात आणि उत्तर काहीही आले तरी काम तसेच पुढे रेटले जाते. हा प्रश्न पहिल्याच बैठकीत विचारला पाहिजे, असे आमचे ठाम म्हणणे आहे. शिल्पाचा आकार, धातू, पाया, दिवे आणि देखभालीचा खर्च या सगळ्याचा निर्णय त्याच्या उत्तरावर अवलंबून असतो.

त्यासाठी पुराच्या आकड्यांचा अर्थ नीट लावावा लागतो. ‘शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर’ म्हणजे एकदा येऊन गेला की शंभर वर्षे निश्चिंती, असा समज सर्रास दिसतो. त्याचा खरा अर्थ दर वर्षी १ टक्का शक्यता, एवढाच. शिल्प ३० वर्षे उभे राहायचे असेल तर त्या काळात असा पूर निदान एकदा येण्याची शक्यता सुमारे २६ टक्के होते. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची शक्यता २५ वर्षांत ६४ टक्क्यांवर जाते. म्हणून नदीचा अभ्यास असलेल्या अभियंत्याकडून प्रत्येक जागेसाठी तीन गोष्टी लेखी घ्याव्यात : या दोन्ही पुरांची पातळी, त्या वेळचा प्रवाहाचा वेग आणि पाणी किती तास टिकते. तिसरी गोष्ट सहसा विचारलीच जात नाही. दिव्यांची जोडणी आणि भिंतीचा रंग मात्र तिच्यावरच टिकतात किंवा जातात.

या माहितीवरून काठाचे तीन पट्टे आपोआप पडतात. दर पावसाळ्यात बुडणारा खालचा पट्टा, क्वचित बुडणारा मधला आणि जवळजवळ कधीच न बुडणारा वरचा. वरच्या पट्ट्यात शिल्पकाराला जवळजवळ पूर्ण मोकळीक आहे. मधल्यात शिल्प भक्कम हवे आणि बुडून वर आल्यावर धुता आले पाहिजे. खालच्या पट्ट्यात पाणी अंगावरून जाऊ देणारेच काम करावे, म्हणजे जमिनीलगतचे, ठेंगणे, भरीव. बुडापेस्टमध्ये, दुसऱ्या महायुद्धात नदीकाठी गोळ्या घालून मारलेल्या ज्यूंच्या स्मरणार्थ, डॅन्यूबच्या दगडी काठावर २००५ मध्ये बसवलेले बिडाचे ६० जोड बूट या दृष्टीने पाहण्यासारखे आहेत. प्रत्येक बूट छोटा, ठेंगणा आणि थेट दगडावर घट्ट बसवलेला. प्रवाहाला पकडायला तिथे फारसे काही सापडत नाही, आणि त्या स्मारकाचा परिणाम ठेंगणेपणामुळे कमी झाला आहे असे कोणी म्हणणार नाही.

मधल्या पट्ट्यात सर्वाधिक चुका होतात, म्हणून त्याबद्दल थोडे सविस्तर. शिल्पाच्या मजबुतीचे गणित बहुधा फक्त वाऱ्यासाठी केलेले असते. ताशी १४४ किलोमीटरचा वारा सपाट पृष्ठभागावर जेवढा दाब देतो, त्याच्या पावणेपाच पट दाब सेकंदाला ३ मीटर वेगाने वाहणारे पाणी देते, कारण पाणी हवेच्या सुमारे ८०० पट घन असते. त्या वेगाला आडव्या उभ्या असलेल्या एक चौरस मीटर पत्र्यावर अंदाजे साडेपाचशे किलोचा रेटा येतो. वेग दुप्पट झाला की रेटा चौपट होतो. त्यातच पुरासोबत फांद्या, जलपर्णी आणि प्लास्टिक येते. दोन पायांवर उभ्या केलेल्या शिल्पात, पायांमधल्या फटीत, हा कचरा अडकून काही तासांत भिंत तयार होते आणि हिशेबात धरलेले क्षेत्रफळ दोन-तीन पट वाढते. जाळीदार, नक्षीदार कापलेले पत्रे इथे सर्वांत वाईट. ‘पाणी आरपार जाईल’ हा युक्तिवाद पहिली फांदी अडकेपर्यंतच खरा असतो. मधल्या पट्ट्यात एकच भक्कम खांब घ्यावा, अरुंद बाजू प्रवाहाकडे ठेवावी आणि रुंद आकार पूरपातळीच्या वर न्यावा.

दुसरा धोका तरंगण्याचा. फायबरचे पोकळ शिल्प हलके आणि स्वस्त पडते म्हणून नदीकाठी हमखास वापरले जाते. बाहेरून ०.८ घनमीटर आकारमानाचा, आतल्या सांगाड्यासह सव्वाशे किलो वजनाचा मासा धरू. तो पूर्ण बुडाला की पाणी त्याला आठशे किलोच्या जोराने वर ढकलते. वजन वजा जाता पावणेसातशे किलोची ओढ थेट बोल्टवर आणि चौथऱ्यावर येते. चौथऱ्याचे काँक्रीटही त्या वेळी पाण्याखाली असते, त्यामुळे घनमीटरला २४०० किलो धरलेले वजन प्रत्यक्षात १४०० च भरते. दीडपट सुरक्षितता ठेवायची तर पाऊण घनमीटर काँक्रीट लागते. कोरड्या वजनाने हिशेब केला तर ०.४ घनमीटरवरच समाधान होते, आणि मग चौथऱ्यासकट मासा नदीत जातो.

यावर उपाय साधा आहे, पण तो साच्याच्या टप्प्यावरच करावा लागतो. शिल्पाच्या सर्वांत खालच्या भागात, न दिसणाऱ्या बाजूला, ५० मिलिमीटरची निदान दोन छिद्रे ठेवावीत आणि सर्वांत उंच जागी हवा निघायला एक. वरचे छिद्र विसरले तर आत हवा कोंडते आणि खालची छिद्रे असून नसल्यासारखी होतात. छिद्रांना आतून स्टेनलेसची जाळी लावावी, नाहीतर कीटक आणि उंदीर घर करतात. पाण्यासोबत गाळही आत शिरतो, म्हणून हात जाईल एवढे झाकण पाठीमागे हवे. आतला गाळ काढला नाही तर सांगाड्याच्या तळाशी ओल कायम राहते आणि बाहेरून चकचकीत दिसणारे शिल्प घोट्यातून मोडते.

पायाखालची माती खरवडून जाणे हा तिसरा धोका, आणि तो डोळ्यांना दिसत नाही. प्रवाहात उभ्या खांबाभोवती पाणी भोवरा करून खाली घुसते. रेताड किंवा गाळाच्या जमिनीत खांबाच्या रुंदीच्या साधारण दुप्पट खोलीपर्यंत खळगा पडू शकतो. ६० सेंटिमीटर रुंद चौथऱ्याखाली सव्वा मीटर माती गेली तर एक मीटर खोल पाया लटकतोच. चौथऱ्याची प्रवाह येतो ती वरची आणि जातो ती खालची बाजू दगडांच्या थराने बांधून घ्यावी, किंवा पाया थेट काठाच्या संरक्षक भिंतीच्या काँक्रीटमध्येच ओतावा. दुसरा मार्ग अधिक स्वस्त आणि टिकाऊ आहे. तो भिंत बांधून झाल्यावर उपलब्ध राहत नाही, म्हणूनच शिल्पकाराची नेमणूक पायवाटेचा आराखडा चालू असताना व्हावी.

धातूंबद्दल दोन गोष्टी. कॉर्टेन या मुद्दाम वरून गंजू देण्याच्या पोलादाची तांबूस साल सध्या फार आवडीची आहे. ही साल घट्ट होण्यासाठी पृष्ठभाग आलटून पालटून भिजला आणि पूर्ण वाळला पाहिजे. जिथे पाणी साचते, माती चिकटते, पालापाचोळा अडकतो, तिथे कॉर्टेन साध्या पोलादासारखेच गंजत जाते. त्याचा तळ मातीत पुरू नये. जमिनीपासून ५ ते १० सेंटिमीटर वर, खाली खडीचा थर आणि बेसप्लेटला बाहेरच्या बाजूने उतार द्यावा. पहिली एक-दोन वर्षे गंजाचे तांबडे पाणी गळते. खाली फिक्या रंगाची फरशी असेल तर ती कायमची डागाळते, आणि मग दोष शिल्पावर येतो. स्टेनलेसमध्ये ३०४ आणि ३१६ या दोन प्रतींतला फरक निविदेत स्पष्ट लिहावा. ३१६ मध्ये क्षारांच्या गंजाला अडवणारे मॉलिब्डेनम २ ते ३ टक्के असते. नदी भरती-ओहोटीच्या टापूत असेल, किंवा पाण्यात सांडपाण्याचे क्षार जास्त असतील, तर त्याखेरीज पर्याय नाही. कारखान्यात साध्या लोखंडावर वापरलेले ग्राइंडरचे चाक स्टेनलेसवर फिरवले की लोखंडाचे कण त्यात रुततात आणि महिन्याभरात तांबडे ठिपके उठतात. चाके वेगळी ठेवणे आणि शेवटी आम्लाने पृष्ठभाग धुऊन घेणे, एवढ्याने ते टळते. स्टेनलेसच्या मोठ्या पत्र्याला साधे लोखंडी बोल्ट कधीही लावू नयेत. ओलीत लोखंड झिजते आणि लहान बोल्ट मोठ्या पत्र्यासाठी स्वतःचा बळी देतो. दोन वेगळे धातू जोडायचेच असतील तर नायलॉनची बुश आणि वॉशर मध्ये घालावेत.

लोखंडी काम गॅल्व्हनाइझ करायचे असेल तर ६ मिलिमीटरपेक्षा जाड भागांवर जस्ताचा सरासरी ८५ मायक्रॉन थर मागावा आणि तो मोजून घ्यावा. पोकळ नळ्यांना दोन्ही टोकांना छिद्रे हवीत. बंद नळी ४५० अंशांच्या जस्तात बुडवली तर फुटते. जागेवर नेऊन पुन्हा वेल्डिंग करण्याचा मोह आवरावा, कारण त्या सांध्यावरचा जस्त जळून जातो.

रासायनिक अँकरबाबत, म्हणजे काँक्रीटच्या छिद्रात गोंदाने बसवलेल्या बोल्टबाबत, एवढेच सांगतो की छिद्र पाडल्यावर हवा मारा, ब्रश फिरवा आणि हा क्रम पुन्हा करा. धूळ राहिली की गोंद काँक्रीटला धरायच्या ऐवजी धुळीला धरतो, आणि ही चूक पुराच्या दिवशीच उघडी पडते.

आता भिंती. पायवाटेच्या एका बाजूला बहुधा लांबच लांब संरक्षक भिंत असते आणि ती रंगवण्याचा मोह समजण्यासारखा आहे. पण ही घराची भिंत नव्हे. तिच्या पाठीशी ओली माती असते, पाणी मागून पुढे येत राहते आणि सोबत क्षार आणते. समोरून अॅक्रिलिक रंगाचा हवाबंद थर दिला की ओल त्यामागे अडते, फुगे येतात, लोणा फुटतो आणि पहिल्याच पावसाळ्यानंतर चेहऱ्यांचे पापुद्रे निघू लागतात. रंगाऱ्याला दोष देऊन उपयोग नसतो. रंग लावण्याआधी ४५ × ४५ सेंटिमीटरचा पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टी लावून भिंतीवर निदान १६ तास ठेवावा. आतून दव जमले किंवा भिंत गडद झाली, तर त्या जागी थर धरणारा रंग लावू नये. ही चाचणी एका ठिकाणी न करता भिंतीच्या तळाशी, मध्ये आणि वर, दर काही मीटरवर करावी, कारण ओल सारखी नसते. निचऱ्याची छिद्रे उघडी आहेत का, हेही पाहावे. चित्राच्या सोयीसाठी ती बुजवण्याचे प्रकार होतात, आणि त्यामुळे चित्रच नव्हे, भिंतसुद्धा धोक्यात येते.

ओल्या भिंतीसाठी सिलिकेट रंग योग्य. पोटॅशियम सिलिकेटचा हा रंग काँक्रीटशी आणि दगडाशी रासायनिकरीत्या जुळतो, वर पडदा धरत नाही, त्यामुळे वाफ बाहेर पडते. त्याच्या मर्यादाही आहेत. आधी अॅक्रिलिक लावलेल्या भिंतीवर तो धरत नाही, आणि रंगछटा कमी मिळतात. नव्या काँक्रीटला किमान २८ दिवस मुरू द्यावे. गेरू, लोहाचे पिवळे आणि काळे, क्रोमियम ऑक्साइडचा हिरवा, कोबाल्टचा निळा हे उन्हाला तोंड देतात. झगझगीत गुलाबी आणि स्वस्त सेंद्रिय लाल-पिवळे आधी उडतात आणि चित्राचा तोल बिघडतो. अशा भिंतीवर पॉलियुरेथेनचे कायमचे संरक्षक आवरण देऊ नये, कारण सिलिकेटने मोकळी ठेवलेली वाट ते पुन्हा बंद करते.

भिंतीवर रंग न लावताही काम करता येते. दक्षिण आफ्रिकेचे चित्रकार विल्यम केंट्रिज यांनी रोममध्ये टायबर नदीच्या उंच दगडी भिंतीवर २०१६ मध्ये सुमारे ५०० मीटर लांबीचे चित्र केले. दहा मीटरपर्यंत उंचीच्या ऐंशीहून अधिक आकृत्या त्यात होत्या. भिंतीवर साचलेली काजळी आणि शेवाळाचा काळा थर स्टेन्सिल लावून पाण्याच्या झोताने धुऊन काढला. जिथे धुतले नाही, तिथे काळेपण राहिले आणि तीच आकृती झाली. भिंत पुन्हा काळी होईल तसे चित्र विरत जाईल, हे आधीच ठरलेले होते. नदीकाठासाठी ही कल्पना फार समंजस आहे. त्यात नदीत रंग मिसळत नाही, पापुद्रे निघत नाहीत, आणि पुराने काही मोडत नाही. पाण्याच्या झोताचा दाब मात्र आधी एका कोपऱ्यात तपासावा. जुन्या दगडी भिंतीच्या सांध्यांतला चुना सैल झाला असेल तर जास्त दाबाने सांधे मोकळे होतात.

फायबर अजिबात नको, असे आमचे म्हणणे नाही. अमेरिकेतल्या सॅन अँटोनियोच्या नदीकाठी शिल्पकार डोनाल्ड लिप्स्की यांनी २००९ मध्ये महामार्गाच्या पुलाखाली फायबरचे २५ मोठे मासे टांगले. पुलाची सावली असल्याने ऊन कमी, आणि मासे पाण्याच्या बऱ्याच वर. उघड्यावर ठेवलेल्या फायबरचा जेलकोट, म्हणजे वरचा गुळगुळीत थर, उन्हाने खडूसारखा होतो आणि खालचे तंतू वर येतात. पुलाखाली हा त्रास पुष्कळ कमी होतो. पायवाटेवरच्या पुलांच्या तळाकडे लक्षच जात नाही, ते जावे. टांगण्याआधी पुलाच्या अभियंत्याची लेखी संमती आणि तपासणीसाठी मोकळी जागा ठेवणे आवश्यक.

शिल्प कुठून दिसते, याचा विचार मॉडेलसमोर बसून होत नाही. एखादी वस्तू पूर्ण डोळ्यांत मावायला तिच्या उंचीच्या साधारण दुप्पट अंतर लागते. तीन मीटर रुंद वाटेच्या कडेला चार मीटर उंच आकृती उभी केली तर जवळून फक्त तिचे गुडघे दिसतात. ती पूर्ण दिसते आठ मीटर आधीपासून, तेही बाजूने. नदीकाठी माणूस वाटेच्या दिशेने येतो, समोरून कोणीच येत नाही. तोंड पाण्याकडे केलेले शिल्प दोन्हीकडून येणाऱ्यांना फक्त कडेने दिसते. वाटेच्या वळणाच्या बाहेरच्या बाजूला किंवा सरळ भागाच्या शेवटी जागा निवडली तर हे सुटते. नेहमीच्या चालीने माणूस मिनिटाला ८० मीटर जातो. चार-पाच मिनिटांत एक काम पुरेसे आहे, म्हणजे ३०० ते ४०० मीटरवर एक. काही भाग पूर्ण रिकामे ठेवावेत. नदीही पाहण्यासारखीच असते.

सुरक्षिततेत तीन मापे सांभाळली तरी पुष्कळ. ९ ते २३ सेंटिमीटर रुंदीच्या बंद फटी टाळाव्यात, कारण त्यात मुलाचे धड जाते आणि डोके अडकते. जमिनीपासून ७० सेंटिमीटर ते २ मीटर या उंचीत वाटेवर आलेला भाग १० सेंटिमीटरपेक्षा पुढे नसावा, कारण अंध व्यक्तीच्या काठीला तो लागत नाही आणि थेट छातीला लागतो. पायाखालच्या मोझेकची घसरण ओल्या अवस्थेत मोजावी. लोलक चाचणीत ३६ हून कमी आकडा आला तर ती फरशी घालू नये. पूर ओसरल्यावर तिच्यावर गाळाचा पातळ थर असतो, हेही लक्षात ठेवावे. आणि मुले शिल्पावर चढणारच. ‘चढू नये’ अशी पाटी लावण्यापेक्षा चढता येईल असेच शिल्प करावे.

दिवे कमी आणि खाली तोंड केलेले असावेत. पाण्यावर पडणारा पांढरा उजेड कीटकांना ओढतो आणि वटवाघळांची व माशांची वर्तणूक बदलतो. २७०० केल्विनपेक्षा अधिक थंड, म्हणजे जास्त पांढरा-निळसर, प्रकाश वापरू नये आणि तो रात्री उशिरा आपोआप बंद व्हावा. दिव्यावरची ‘आयपी ६७’ ही जलरोधकतेची खूण म्हणजे तो एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकतो. पाणी दोन दिवस राहणार असेल तर तेवढे पुरत नाही. विजेची पेटी नेहमी वरच्या पट्ट्यात, खालची जोडणी १२ किंवा २४ व्होल्टची.

पैशांबद्दल स्पष्ट बोलायला हवे. अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहराने १९५९ मध्येच बांधकामाच्या खर्चातला एक टक्का कलेसाठी राखण्याची सुरुवात केली, नंतर अनेक शहरांनी तो मार्ग धरला. पण असा निधी घडवण्यावर खर्च होतो, जपण्यावर नाही. प्रत्येक कामाच्या रकमेचा निदान दहावा हिस्सा देखभालीसाठी वेगळा, हात न लावता, ठेवावा. करारात शिल्पाचे अपेक्षित आयुष्य लिहावे, आणि ते संपल्यावर किंवा नुकसान दुरुस्तीपलीकडे गेल्यावर काय करायचे तेही. कलाकाराच्या कामाची मोडतोड न होऊ देण्याचा त्याचा हक्क कलाकृतींच्या हक्कांविषयीच्या आंतरराष्ट्रीय बर्न कराराच्या ६ बिस कलमात मान्य आहे, त्यामुळे हे आधी लिहून घेतले तर दोघांच्याही हिताचे. हस्तांतराच्या दिवशी शिल्पासोबत एक वही मिळाली पाहिजे, त्यात मिश्रधातूचा दर्जा, वेल्डिंग रॉड, रंगाचे क्रमांक, बोल्टची मापे, छिद्रांच्या जागा आणि पायाचे प्रत्यक्ष झालेले रेखाचित्र. ही वही नसेल तर अंतिम बिल देऊ नये.

आणि पूर ओसरल्यावर काय करायचे, हे त्या वहीच्या पहिल्या पानावर हवे. गाळ वाळण्याआधी, त्याच दिवशी, साध्या पाण्याने आणि कमी दाबाने धुवावा. वाळलेला गाळ खरवडला की रंग आणि धातूची साल दोन्ही सोलून निघतात. मग अडकलेल्या फांद्या हाताने काढाव्यात, यंत्राने ओढू नयेत. निचऱ्याची छिद्रे तारेने मोकळी करावीत, झाकण उघडून आतला गाळ काढावा. चौथऱ्याभोवती सळई रोवून खळगा पडला आहे का ते पाहावे. वरून माती सपाट दिसते, पण खळग्यात नवा सैल गाळ भरलेला असतो आणि सळई सहज खाली जाते. नट घट्ट आहेत का ते तपासावे, आणि हे सगळे होईपर्यंत शिल्पाभोवती दोरी बांधून ठेवावी.

आपले,
सार्वजनिक कलेच्या कामातील काही शिल्पकार आणि स्थापत्य अभियंते